दोन पांढऱ्यांच्या मधे

फोंड्यात, वरच्या बाजारात, माझं पेटीदुरुस्तीचं दुकान.
आठ बाय दहा. भाता फाटलेल्या पेट्या,
सुट्या पितळी सुरांचे डबे, आणि एक पंखा
जो जन्मभर काळी एकमध्येच घुमतो.

मंगळवारी दुपारी राशोलहून सेराफिना बाय आली.
कापडी पिशवीतून काढल्या सहा पिर्लुको,
टिनाच्या, पितळेच्या, एक नुसत्या ॲल्युमिनियमची.
घोव तारवटी. बोनिफास.
बँडात नव्हता हो, इंजिनात.
बंदर लागलं की एक विकत घ्यायचा.
'हांचें मोल कितलें?'

मी त्यांना काउंटरवर उंचीने लावलं,
शाळेच्या फोटोला पोरं उभी करतात तसं.
धाकटी वीतभर. तिची भोकं इतकी दाटीची
की माझी बोटं एकमेकांच्या पायांवर पाय देत होती.
थोरली दोन फुटी. तिथे बोटांची टोकं पुरत नाहीत,
पेरं आडवी टाकावी लागतात,
आणि फुंकर गरम पेजेवर घालतो तशी.

तिने विचारलं नव्हतं, तरी मी सांगत सुटलो:
नळी लांबली की सूर उतरतो.
दुप्पट नळी, तोच सूर, एक मजला खाली.
सुराच्या पट्टीला पट्टी म्हणतात ते उगीच नाही,
शाळेतली लाकडी पट्टी लावूनही सांगेन
कोणती कुठे बोलेल.

ही हिरव्या तोंडाची, फूटभर. हिच्यावर डी लिहिलंय.
सहाही भोकं झाकली की पांढरी दोन.
पण आमच्या देवळातला गुणाजी बासरीवाला
तीन झाकून षड्ज धरतो,
तो हिला पांढरी पाच म्हणेल.
नळी तीच. भांडण मात्र खरं.

'म्हणजे कुठून मोजता त्यावर नाव,' ती म्हणाली.
'लग्नाआधी माझंही वेगळं होतं.'

पाचांची नावं लागली.
सहावी बिननावाची. उंचीने दुसरी,
तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली,
भोकांच्या कडा कानशीने घासलेल्या.
पेटी ओढली. पांढरी तीन दाबली:
नळी जरा वर.
पांढरी चार दाबली:
नळी जरा खाली.
आणि या दोघींच्या मधे काळी नसते.
कुठल्याच पेटीत नसते.
तीस वर्षं ती फट मी फडक्याने पुसत आलोय.

'ही विकतची नव्हे,' मी म्हटलं. 'आणि चुकलीय.
एवढ्या लांबीला एवढी जवळ भोकं?
मधले सूर सगळे वाकडे.
करणाऱ्याचा हात लहान असणार.'

'हात त्याचा फावड्याएवढा,' ती म्हणाली,
आणि नळी उचलून बोटं ठेवली.
सहाच्या सहा बसली. सरकवावी लागली नाहीत.

बराच वेळ पंखाच काय तो बोलत होता.

मग म्हणाली, एका सुट्टीत
त्याने पांढऱ्या दोऱ्याने माझी बोटं मोजली.
हातमोजे आणतो म्हणाला.
राशोलात हातमोजे! मी हसून लोळले.
पुढच्या खेपेला साबण आणले, चीज आणलं.
मोज्यांचं मी विचारलं नाही.
त्यानेही काढलं नाही.

बोटीवर उरली तेवढी नळी,
दोऱ्यावरच्या गाठींएवढी अंतरं.
सूर त्यात कुठे बसणार होता?

'हिची पट्टी कंची?'
'हिला पट्टी नाही, बाय.'
'मग लिहू नका काही.'

पाचांचे पैसे न मोजता पर्समध्ये टाकले,
सहावी छत्रीसारखी काखेत धरली
आणि मडगावची बस थांबवायला
हात नव्हे, तीच पुढे केली.

हल्ली दुकान बंद करताना
पांढरी तीन आणि चार एकदम दाबून बघतो.
दोन सूर एकमेकांवर घासतात, थरथरतात.
मधे कोणीतरी उभं आहे असं वाटतं,
भाता रिकामा होईपर्यंत.